आत्या पहिल्यांदा खाणीत उतरली

माझी आत्या सत्तावीस वर्षं तांब्याच्या खाणीत नोकरीला होती, आणि त्या सत्तावीस वर्षांत तिने खाण आतून एकदाही पाहिली नव्हती. मी शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या वर्गात हे सांगितलं की मुलांना आधी खोटं वाटतं, मग हसू येतं, आणि मग कुणीतरी विचारतं की मग ती करायची काय.

ती दिवे द्यायची.

खाणीच्या तोंडाशी विटांची एक लांबट खोली होती, तिला दिवेघर म्हणायचे. आत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर ओळीने चार्जिंगला लावलेले दोनशे बारा दिवे. दिवा टोपीला अडकवायचा, त्याची बॅटरी कमरेला बांधायची. एका भिंतीत खिडकी, आणि खिडकीच्या बाहेर खिळे ठोकलेली मोठी लाकडी फळी. खाली जाणारा प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला आपल्या नंबरच्या खिळ्याला अडकवणार आणि आत्याच्या हातून दिवा घेणार. वर आला की दिवा परत देणार आणि बिल्ला काढून खिशात टाकणार. पाळी संपल्यावर फळीवर एखादा बिल्ला लटकत राहिला, तर त्याचा अर्थ एकच, माणूस अजून खाली आहे. मग तो सापडेपर्यंत सुरुंग लावायला परवानगी नाही.

आमचे आजोबा त्याच खाणीत ड्रिल चालवायचे. त्या काळी कोरडंच ड्रिल करायचे, नाकातोंडात दगडाची धूळ जायची. पंचेचाळिशीत त्यांची छाती निकामी झाली आणि ते गेले. घरात आजी, एकोणीस वर्षांची आत्या आणि अकरा वर्षांचे माझे बाबा. कंपनीने घरातल्या एकाला कामावर घ्यायचं कबूल केलं. बायकांना खाली उतरायला तेव्हा कायद्यानेच बंदी होती, म्हणून आत्याला दिवेघर मिळालं. ती म्हणते, पहिला आठवडाभर ती रोज घरी येऊन रडली, कारण बॅटरीच्या तेजाबाने तिच्या एकुलत्या एका चांगल्या स्वेटरला चाळणीसारखी भोकं पडली. आजोबांसाठी रडायचं राहून गेलं होतं, ते स्वेटरच्या निमित्ताने झालं.

महिनाभरात मात्र ती तिथली मालकीण झाली. माणसांची नावं तिच्या डोक्यात राहायची नाहीत, नंबर पक्के. भर बाजारात ती हाक मारायची, "अहो एकशे चार, पिशवी विसरलात." आणि एकशे चार मुकाट्याने मागे फिरून पिशवी घ्यायचा. सगळे तिला नंबरताई म्हणायला लागले. शिस्तीला ती इतकी कडक की मोठे साहेबही बिल्ला लावल्याशिवाय आत गेले नाहीत. एकदा एक बिल्ला फळीवर राहिला, चार तास काम ठप्प, खाली शोधाशोध. शेवटी तो माणूस घरी सापडला. पोट बिघडलं म्हणून मागच्या वाटेने पळालेला, आणि टोपीवरच्या पेटत्या दिव्यासकट गाढ झोपलेला. दुसऱ्या दिवशी आत्याने नुसता दिवा पुढे केला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो माणूस पुढे निवृत्त होईपर्यंत पाळीआधी जेवला नाही, असं लोक सांगतात.

आता माझ्या काकांबद्दल, म्हणजे आत्याच्या नवऱ्याबद्दल.

खाण म्हणजे नुसता दगड नसतो, पाणी असतं. डोंगरात मुरलेलं सगळं पाणी खाणीत झिरपतं. ते उपसलं नाही तर खाण विहिरीसारखी भरते. आमच्या खाणीचे सहा मजले होते, वरून खाली मोजायचे. सहाव्या मजल्यावर, सगळ्यांच्या तळाला, पंपांची खोली होती, आणि तिथे एक माणूस कायम हवा, दिवस असो की रात्र. बाकीची पाळी वर यायची तेव्हा पंपवाला खालीच थांबायचा, त्याच्या बदलीचा माणूस पोहोचेपर्यंत. म्हणजे रोज पाळी संपताना एक बिल्ला फळीवर राहणारच. आत्याने तो तपासायला पाहिजे, असा नियम. दिवेघरातून थेट पंपाच्या खोलीत जाणारा फोन होता, हँडल फिरवून लावायचा.

आत्या फोन फिरवायची आणि विचारायची, "खाली किती?"

"एक."

"कोण?"

"मी."

झालं संभाषण. पुन्हा उद्या. पंपवाल्याचा नंबर सतरा. तो दिवा घ्यायला यायचा तेव्हा खिडकीशी मागे चाळीस माणसांची रांग, बोलायची सोय नाही. आल्या आल्या दिसायचे ते त्याचे गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कारण दिवसभर घोटाभर पाण्यात उभं राहायचं. त्यामुळे खाणीत सगळे त्याला बदक म्हणायचे. असं दोन वर्षं चाललं. मग एक दिवस, आत्या म्हणते की तिलाही कळलं नाही का, तिच्या तोंडून प्रश्न निघून गेला.

"मी म्हणजे कोण?"

पलीकडे पंपांचा आवाज तेवढा येत राहिला. मग तो म्हणाला, "ते वर येऊन सांगितलं तर चालेल का?"

वर येऊन त्याने काय सांगितलं हे आत्या आजही सांगत नाही. काकांना विचारलं तर ते म्हणतात, "मी नंबर सांगितला." लग्नानंतरही दोघांची रोजची चौकशी फोनवर चालूच राहिली. फरक एवढाच की आता त्यात डब्यात काय होतं हेही यायचं. त्यांना मूल झालं नाही. बाबांना आत्यानेच शिकवलं, आणि नंतर मला. माझा अर्धा अभ्यास दिवेघराच्या बाकावर झाला.

नववीच्या पुस्तकात एक धडा आहे. उद्योगधंदे एखाद्या ठिकाणीच का येतात, याची कारणं त्यात दिली आहेत. कच्चा माल, पाणी, वीज, वाहतूक, मजूर, बाजारपेठ, सरकारी धोरण. मी नोकरीला लागले त्या वर्षी तो धडा आत्याला मोठ्याने वाचून दाखवला होता. ती लसूण सोलत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "यात आम्ही कुठे?"

"मजूर," मी म्हटलं.

"म्हणजे विजेच्या आणि वाहतुकीच्याही नंतर?"

मी म्हटलं की तो काही मानाचा क्रम नाही. ती "बरं" म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. पण ते तिला लागलं, हे मला समजलं.

हा क्रम आमच्या गावाला मात्र तंतोतंत लागू पडला. डोंगरात तांबं सापडलं म्हणून खाण आली, खाण आली म्हणून रेल्वेचा फाटा आला, भट्टी आली, मग घरं, बाजार, शाळा, दवाखाना. आणि जायची वेळ आली तेव्हा सगळं उलट्या पावली गेलं. वरच्या मजल्यांत शंभर किलो दगडामागे तीन किलो तांबं निघायचं, सहाव्या मजल्यावर एक किलोसुद्धा निघेना. दगड तेवढाच फोडायचा, पाणी मात्र आणखी खोलातून उपसायचं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा उघड्या खाणीतून तांबं स्वस्त मिळायला लागलं. आधी भट्टी थंडावली, मग मालगाड्या बंद, मग नोटीस लागली. दोन वर्षांत निम्मी घरं रिकामी झाली. शाळेत एका वर्गाच्या दोन तुकड्या होत्या त्यांची एक झाली.

शेवटच्या दिवशी खालची यंत्रं वर काढली. पंप तेवढे राहिले, कारण ते काढायला पंपच बंद करावे लागणार. साहेबांनी खाली फोन करून काकांना सांगितलं की खटका खाली ओढा आणि वर या. काकांनी ओढला. सव्वीस वर्षं ज्या पाण्याला पाठ दाखवली नाही, त्याला स्वतःच्या हाताने आत घेतलं आणि खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यात बसून वर आले. आत्या खिडकीशी उभी होती. त्यांनी दिवा दिला, बिल्ला काढला, खिशात ठेवला. त्या दिवसानंतर ते खाणीच्या रस्त्यालाही फिरकले नाहीत. बाजारात जायला जवळची वाट तिकडून होती, तर ते शाळेला वळसा घालून जायचे. लोकांचे गळके नळ दुरुस्त करून द्यायचे, आणि ते काम इतक्या निगुतीने करायचे की एका नळाला सकाळ जायची.

आत्या तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. दीडेक वर्षात गावाबाहेर मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधायचा एक कारखाना आला. मोकळी जमीन, रिकामे हात आणि सरकारची करसवलत, या तिन्ही गोष्टी आमच्याकडे भरपूर होत्या. आत्या तिथे लागली. मोठ्या पाटावर लाल, पिवळ्या, निळ्या वायरी ठरलेल्या वाटेने वळवायच्या आणि बांधायच्या. माझ्या वयाच्या पोरी तिच्या दुप्पट वेगाने बांधायच्या, पण चुकलेली वायर पाटावरून उठायच्या आधी ओळखावी तर आत्यानेच. ती तिथे सात वर्षं होती. सवलतही सात वर्षांचीच होती. ती संपली तसा कारखान्याने बस्तान उचललं आणि जिथे नवी सवलत होती तिथे गेला. जाताना पाटसुद्धा घेऊन गेला. आत्या म्हणाली, "खाण तरी जाग्यावर बसून मेली. हा तर चालत गेला."

मग तीन वर्षं ती घरीच होती. दोघं सकाळी चहा घ्यायचे, काका नळांकडे जायचे आणि ती घरातली प्रत्येक वस्तू पुसून ठेवायची. मी जायचे तेव्हा दोघं माझ्याशी भरपूर बोलायचे. एकमेकांशी मात्र फारसे नाही.

अशात पर्यटन खात्याने खाण लोकांना दाखवायचं ठरवलं. पाणी चढत चढत तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं होतं आणि तिथे एका जुन्या बोगद्यातून ओढ्याला वाहून जायला लागल्यामुळे थांबलं होतं. वरचे दोन मजले कोरडे. डोंगराच्या पोटात सरळ चालत जाता येईल असा आडवा बोगदा होताच. त्यांनी आत दिवे लावले, कठडे बसवले, दुसऱ्या मजल्यावर उतरणारा जिना नीट करून घेतला. त्याच जिन्याच्या पुढच्या पायऱ्यांना पाणी लागतं. तांब्यामुळे ते निळसर हिरवं दिसतं, त्याचेच फोटो त्यांनी जाहिरातीत टाकले. एक तरुण मॅनेजर मॅडम शहरातून आल्या. गावातल्या लोकांना कामं मिळणार होती. आत्याने अर्ज केला आणि तिला पुन्हा तीच खिडकी मिळाली. फक्त आता खिडकीवर रंगीत पाटी होती.

पहिल्याच आठवड्यात तिचं आणि मॅडमचं वाजलं. मॅडमचा बेत होता की प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टी बांधायची. आत्याने फळीचा आग्रह धरला. मॅडम म्हणाल्या, रांग वाढेल. आत्या म्हणाली, वाढू दे, रांगेत कुणी हरवत नाही. मॅडम हुशार होत्या. त्यांनी खाणीचं चित्र असलेले चकचकीत बिल्ले करून आणले आणि जाहिरातीत लिहून टाकलं की खऱ्या खाणकामगारासारखा बिल्ला लावून आत जा. लोकांना त्याची फार गंमत वाटली. आत्या मला म्हणाली, "त्यांना गंमत वाटते तर वाटू दे. मोजणी होते आहे ना."

उद्घाटनाला मी माझा वर्ग घेऊन गेले होते. फीत कापली, भाषणं झाली, दिवसभर लोक आत जात होते, बाहेर येत होते. काका आले नव्हते. कुणाच्या तरी मोरीचा नळ बघायचा आहे असं सांगून ते सकाळीच बाहेर पडले होते. आत्याने त्यांना आग्रह केला नाही. साडेचारच्या सुमारास ती चहाला गेली आणि पंधरा मिनिटं खिडकीवर दुसरीच मुलगी बसली. पाचला दरवाजा बंद झाला. दिवे परत आले, आत्या बिल्ले उतरवत फळीवरून हात फिरवत गेली आणि मध्येच थांबली.

सगळे खिळे रिकामे होते आणि एकावर पितळी बिल्ला लटकत होता. नव्यांतला नव्हे, जुना. त्याचं भोक खिळ्यावर घासून घासून लांबट झालं होतं. नंबर सतरा.

खिडकीवरची मुलगी म्हणाली, एक आजोबा आले होते, गमबूट घातलेले, त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचाच बिल्ला होता. तिला वाटलं, जुने कामगार आहेत, म्हणून तिने त्यांना आत सोडलं. मॅडम घाबरल्या, रखवालदाराला आत पाठवते म्हणाल्या. मी म्हटलं, मी जाते. आत्याने आमच्या दोघींकडे ऐकून घेतल्यासारखं पाहिलं आणि मांडणीवरून एक दिवा उचलला.

तो टोपीला कसा बसतो हे तिला शेकडो वेळा पाहून माहीत होतं, पण स्वतःच्या डोक्यावर लावायची वेळ पहिलीच. पट्टा उलटा लागला. मी तो नीट करून दिला. मग फळीवर लावायला तिच्याकडे बिल्ला नव्हता. सत्तावीस वर्षांत तिला नंबर कधी मिळालाच नव्हता. मॅडमनी गल्ल्याशेजारच्या टोपलीतून एक नवा काढून तिच्या हातात दिला. आत्याने तो सतराच्या शेजारच्या खिळ्याला लावला, मला फळीपाशी उभं केलं आणि आत गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तिने सांगितलं तेच सांगते आहे, आणि ती सांगत असताना काका मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होते.

बोगदा तिला वाटला होता त्यापेक्षा अरुंद होता आणि थंड होता. छतातून पाण्याचे थेंब पडत होते. तिने हात लावून पाहिलं तर भिंत ओली. इतकी वर्षं माणसं पाठीवरून भिजून का येतात असा तिला प्रश्न पडायचा, त्याचं उत्तर मिळालं. जिन्यापाशी पोहोचल्यावर तिला खाली एक दिवा दिसला. शेवटच्या कोरड्या पायरीवर कुणीतरी बसलेलं होतं, गमबूट पाण्यात. तिने वरूनच विचारलं, "कोण?"

"मी," काका म्हणाले.

ती जिना उतरून त्यांच्या शेजारी बसली. काका म्हणाले की ते नुसतं बघायला आले होते, पाच मिनिटांत निघणार होते. मग म्हणाले, "मी बंद केले ना गं पंप."

आत्याने साहेबांचं नाव काढलं नाही, कंपनीचं नाही, तांब्याच्या भावाचं नाही. ती म्हणाली, "तुम्ही बसायचात कुठे, ते दाखवा."

त्यांनी पाण्यात बोट केलं. सरळ खाली, अजून चार मजले. एक लोखंडी स्टूल होतं. डाव्या हाताला फोन. पंप तीन, त्यातला मधला लबाड, दर पाळीला एकदा तरी लाथ मागायचा. पाणी छताच्या कुठल्या फटीतून जास्त यायचं, उन्हाळ्यात त्याचा आवाज कसा बदलायचा, हे सगळं ते सांगत गेले. इतकी वर्षं घरी खाणीबद्दल एक शब्द न काढलेला माणूस अर्धा तास बोलत होता. पाण्याखालच्या खोलीतलं सांगून संपलं तेव्हा आत्या म्हणाली, "आता जे दिसतं आहे तेही दाखवा. मी काहीच पाहिलेलं नाही."

मग त्यांनी तिला खाण दाखवली. दगडात हिरवी रेघ दिसते ती तांब्याची. लाकडी टेकू कुठे होते आणि काढले कधी. पहिल्या मजल्यावर परत येताना एका वळणावर काका थांबले आणि दिव्याचा झोत भिंतीवर धरला. दगडात बोटाएवढ्या रुंदीची गोल भोकं होती, सुरुंगासाठी पाडलेली आणि मग न वापरता राहून गेलेली. ते म्हणाले, "हा भाग तुझ्या वडिलांच्या पाळीने फोडला आहे."

आत्याने एका भोकात बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. आतून अगदी गुळगुळीत होतं, ती म्हणते, जिन्याच्या कठड्यासारखं. काका इथे नेहमी म्हणतात की ती रडली. ती म्हणते की छतातून पाणी टपकत होतं.

सव्वासहाला ते बाहेर आले. तोपर्यंत मॅडमनी तीन वेळा खात्याला फोन लावला होता आणि तीन वेळा कापला होता. आत्याने दोन्ही बिल्ले उतरवले, दोन्ही दिवे चार्जिंगला लावले आणि मॅडमना सांगितलं की उशीर झाला, चूक आमची. मग तिथेच उभ्या उभ्या तिने विचारलं की उद्यापासून मला आत माहिती सांगायचं काम द्याल का. आत जे पाठ केलेलं सांगतात त्यात तीन चुका आहेत, आणि एक भूत आहे, जे कधीच नव्हतं.

मॅडमनी आठवडाभर विचार करून काम दिलं. भूत गेलं. त्याच्या जागी आत्या आली आणि तिच्या मागून महिन्याभरात काका. ती बोलायची, ते दिव्याचा झोत धरायचे. ती काही चुकली तर झोत हलायचा नाही आणि ती ओळखून वाक्य दुरुस्त करायची. जिन्यापाशी मात्र काका बोलायचे.

माझा वर्ग दरवर्षी तिथे जातो. एका वर्षी एका मुलीने वहीत बघून आत्याला विचारलं की हा उद्योग इथे यायचं मुख्य कारण कोणतं. आत्या म्हणाली, कारण तुमच्या बाई सांगतील, त्यांना पाठ आहेत, मी तुम्हाला हे सांगते की तो आल्यावर इथे कोण कोण आलं. आणि तिने सुरुवात केली. ड्रिलवाला, सुरुंगवाला, लाकडाचे टेकू लावणारा सुतार, पिंजरा चालवणारा, पंपवाला, दिवेवाली, भट्टीवाला, मालगाडीचा गार्ड, आणि या सगळ्यांना जेवायला लागतं म्हणून खानावळीची बाई, आणि पोरांना शाळा लागते म्हणून मास्तर. मुलगी लिहून घेत होती. तिच्या वहीचं पान भरलं. पुस्तकात त्याला एक शब्द आहे. त्या वर्षीपासून माझ्या वर्गात आम्ही तो शब्द खोडत नाही, पण त्याच्या पुढे कंस काढून ही सगळी माणसं लिहितो.

पर्यटनाने गावाचं सगळं भलं झालं असं मी म्हणणार नाही, आत्याही म्हणत नाही. थंडीचे चार महिने गर्दी, मग शुकशुकाट. खाण तिन्ही पाळ्या आणि बारा महिने चालायची. रिकाम्या घरांच्या पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या झाल्या, तरणी पोरं परत आली, पण सगळी नाही. तीन हॉटेलं निघाली आणि उन्हाळ्यात गावाला पाणी कमी पडायला लागलं. तेव्हा एका हॉटेलवाल्याने खाणीतलंच पाणी टँकरने न्यायचं ठरवलं, नाहीतरी ते वाहूनच जातं म्हणून. काकांनी खाणीच्या दारात टँकर अडवला. आपली पोटरी उघडी करून दाखवली. सव्वीस वर्षं बुटात शिरलेल्या पाण्याने तिथे एक केस उरला नव्हता आणि कातडीला हिरवट झाक होती. टँकर परत गेला. मॅडमनी पाणी तपासून घेतलं, ते पिण्यालायक नाही असा कागद आला, आणि हॉटेलांनी छतावरचं पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. त्यांचे नळ काकांनी बसवले.

आत्या अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांमुळे थांबली. तिच्या जागी वायरींच्या कारखान्यातली तिची एक जुनी सोबतीण आली आहे.

गेल्या वर्षी मी दोघांना फिरायला नेलं. दहा वर्षं त्यांनी लोकांना खाण दाखवली होती, पण स्वतः तिकीट काढून कुठे गेले नव्हते. कुठे जायचं विचारलं तर आत्याने बंदर सांगितलं. आमचं तांबं मालगाडीने तिकडे जायचं, एवढंच तिला माहीत होतं. काकांनी नवे बूट घेतले आणि ते चावायला लागले, म्हणून ते धक्क्यावरच्या बाकावर बसून राहिले. होडीतून बंदर दाखवणाऱ्या मुलाने दीपगृहाची उंची, पुलाची लांबी सगळं धडाधड सांगितलं. शेवटी तिने विचारलं की इथून तांबं जायचं का. मुलगा म्हणाला, "आजी, ते मला माहीत नाही. पण त्या तिकडे जुन्या वजनकाट्यावर एक बाई बसतात, त्या सांगतील."

आत्या होडीतून उतरली ती तडक वजनकाट्याकडे गेली. मी काकांसाठी चहा घेऊन आले तेव्हा दोघी बाया केबिनच्या पायरीवर बसलेल्या होत्या. ती दुसरी बाई बत्तीस वर्षं तिथे ट्रक आणि मालगाडीच्या वाघिणी तोलत होती. तांबं आठवतं, ती म्हणाली, लाल पट्टीच्या वाघिणीतून यायचं आणि बाकी कशाहीपेक्षा दिसायला लहान आणि वजनाला भारी असायचं. मग आत्याने तिला डोंगराचं सांगितलं आणि तिने आत्याला जहाजांचं. आमची साडेतीनची बस गेली. मी सांगायला गेले तर आत्याने हातानेच थांब म्हटलं. काका बूट काढून मोकळ्या पायांनी बसले होते. पुढची बस पावणेसहाला होती.